लिनक्सची निवड : वितरण की डेस्कटॉप?

लिनक्सकडे नव्याने वळणारा वापरकर्ता उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा वितरणांच्या नावांतच गुरफटतो. वस्तुतः त्याचा नित्य संबंध येतो तो डेस्कटॉपशी. २०११ मध्ये ग्नोम ३ ने उघड्या खिडक्यांची तळपट्टी व परिचित मेनू काढून टाकला. रचनाकारांची सौंदर्यदृष्टी येथे वापरकर्त्याच्या सवयीवर लादली गेली, असेच म्हणावे लागते. उबुंटूने त्याच वर्षी युनिटी स्वीकारले आणि २०१७ मध्ये ते सोडून पुन्हा ग्नोम जवळ केले. लिनक्स मिंटने मात्र सिनॅमन उभारून जुनी मांडणी जपली. नवख्यास तेच अधिक सोयीचे. अर्थात ही ओळख काहीशी फसवीही आहे. विंडोजसाठी घेतलेले मराठी टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर तेथे थेट चालत नाही, आणि त्यातील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे कष्ट कोणत्याही डेस्कटॉपमुळे टळत नाहीत.