घसरलेला गळा

‘ऑल अबाउट ईव्ह’ (१९५०) या अमेरिकी चित्रपटातला बेटी डेव्हिसचा पार्टीचा पोशाख वेशभूषाकार एडिथ हेड यांनी आधी कागदावर रेखाटला. तपकिरी रेशीम, कंबर घट्ट, खाली भरपूर घेर, फरच्या कडा. आणि गळा चौकोनी. डेव्हिसने साकारलेली मार्गो चॅनिंग ही रंगभूमीची सम्राज्ञी. चाळिशी तिला टोचते आहे, जवळ आलेली तरुण ईव्ह त्याहून जास्त. अशा मार्गोला चौकोनी गळा देण्यात मोठी समज आहे. सरळ रेघ, ताठ मान; कुठे ढिलाई म्हणून नाही.

वेशभूषेचं चित्र दिग्दर्शकाला पात्र दाखवतं, नटीला तिचं रूप आणि शिवणाऱ्याला बेतणी. त्यातली बाई मात्र कागदावरचीच असते. चित्रकलेच्या वर्गात माणसाची उंची साडेसात डोकी धरतात. फॅशनच्या चित्रात ती नऊ-दहा होते.

मग चित्राला माणूस भेटला. हेड यांनी सांगितलेली आठवण अशी: चित्रीकरणाच्या वेळी पोशाख खांद्यांत मोठा निघाला. त्या धास्तावल्या, दिग्दर्शक मँकीविच यांना सांगायला निघाल्या. तेवढ्यात डेव्हिसने गळा दोन्ही खांद्यांवरून खाली ओढला, एक खांदा हलवला आणि विचारलं, असाच जास्त चांगला दिसत नाही का? चार टाके घालून तो तिथेच पक्का झाला. पडद्यावर दिसते ती उघड्या खांद्यांची मार्गो: डौलदार, पण स्वतःला सावरता न येणारी. मनातली घसरण कपड्यात उतरली.

मग चित्र चुकलं का? मला तसं वाटत नाही. गळा घसरूनही पोशाख ढासळत नाही, कारण कमरेची रेघ त्याला धरून ठेवते, आणि ती रेघ कागदावरची आहे. बंदिश पक्की असली, की गाणाऱ्याला मोकळं होता येतं.

आपल्या कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया यांचा हातही असाच कागदावर, मुंबईत ‘ईव्ज वीकली’ या साप्ताहिकासाठी फॅशनची चित्रं काढता काढता घडला. १९८३मध्ये लॉस एंजेलिसला ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हेड यांनाही ‘ऑल अबाउट ईव्ह’साठी चार्ल्स लमेअर यांच्यासह ऑस्कर मिळालं होतं.

हा चित्रपट पाहाल तेव्हा मार्गोच्या खांद्यांवर नजर जाईलच. क्षणभर कमरेकडेही पाहा. तिथे हेड यांची पेन्सिल अजून जागच्या जागी आहे.