‘गँग्ज ऑफ वासेपूर’ : बंदूक आणि भंगार

रखवालदाराच्या हातीं किल्ल्या दिल्यावर वाडा कोणाचा राहतो, हा प्रश्न जुनाच आहे. अनुराग कश्यप यांच्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ या २०१२ सालच्या दोन भागांच्या हिंदी बोलपटानें तो धनबादच्या कोळशांत व भंगारांत नेऊन विचारला आहे. त्यांतील शिव्या व रक्तपात सुशिक्षित कुटुंबांस रुचणार नाहींत, हें उघड आहे. तथापि कथालेखक झीशान कादरी वासेपूरचेच असल्यामुळें त्या भाषेंत खोटेपणा नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे.

पहिल्या भागांत खाणमालक रामाधीर सिंग मजुरांवर जरब बसविण्यासाठीं शाहिद खानास पदरीं ठेवतो, आणि हाच पहिलवान उद्यां आपल्या जागेवर बसेल या भयानें त्याचा खून करवितो. विकत घेतलेलें संरक्षण धन्यासच धाकांत ठेवतें, हें सत्य येथें उपदेशावांचून प्रकट झालें आहे.

दुसऱ्या भागांत शाहिदचा नातू फैजल भंगाराच्या धंद्यांत उतरतो. भंगारास बंदूक कां लागावी? मोडक्या लोखंडावर धन्याचें नांव राहत नाहीं. तें ढिगानें, ठेक्यानें वा लिलावानें विकलें जातें. आणि इतरांस बोली बोलूं दिली नाहीं कीं भाव आपोआप पडतो. गोळी झाडावीच लागते असें नाहीं. ती झाडली जाईल अशी खात्री पुरते. हें सारें परमुलखांतलें म्हणून आम्हांस हात झटकतां येणार नाहींत. पुणें जिल्ह्यांत चाकणच्या औद्योगिक वसाहतींतही भंगाराच्या ठेक्यांवरून दमदाटीच्या व खंडणीच्या फिर्यादी झालेल्या आहेत; आणि आमची सावली ज्या चंद्रपूर जिल्ह्यांत आहे, तोही खाणींचा व कारखान्यांचाच जिल्हा आहे.

कथेंतील सर्वांत मार्मिक धागा शमशादचा. ज्या फैजलास शत्रूंच्या बंदुका आवरूं शकल्या नाहींत, त्यास हा भंगारांतला भागीदार पोलिसांपुढें पुरावे ठेवून तुरुंगांत पोंचवितो. दहशतीचा धंदाही हिशेबावरच चालतो आणि हिशेबांतच अडकतो, एवढें मोठें सत्य हातीं आलें असतां दिग्दर्शक तें सोडून पुन्हां सूडाकडे धांवतो. ज्याच्या खांद्यावरून तें लोखंड जातें, त्या हमालाचें दुःख तर पडद्यावर येतच नाहीं. गुंडाच्या विनोदावर आपण मनमुराद हंसतों. त्या हंशाची किंमत कोण भरतो, तें बोलपट सांगत नाहीं.

बोलपट सामर्थ्यवान आहे, प्रौढांनीं तो अवश्य पाहावा. मात्र रामाधीर आणि फैजल यांचा हिशेब चुकता झाला म्हणजे वासेपूरचाही झाला, असें मानूं नये.