सिकोरॅक्सची बाजू

'कांतारा' २०२२ मध्ये चालला आणि तेव्हापासून निर्मात्यांना झाडाझाडाआड दैवत दिसू लागलं. दैवत आलं की सूड आलाच. इकडे मराठीत जुनी नाटकं पडद्यावर चढवायची हौस 'कट्यार'च्या यशानंतर ओसरायला तयार नाही. २०२५च्या जानेवारीत खाडिलकरांच्या 'मानापमाना'चीही पाळी येऊन गेली. या दोन हौशी एकत्र आल्या, की कुणीतरी शेक्सपिअरचं 'टेम्पेस्ट' उचलणार, आमच्या भागातलं एखादं जंगल गाठणार आणि 'जादूचं तुम्ही बघा' म्हणून ग्राफिक्सवाल्यांना सांगून मोकळं होणार, हे मला आत्ताच दिसतंय. त्याआधी भांडून घेतलेलं बरं. मी माणिकगडच्या पहाडावर, जिवतीत बसून हे लिहितो आहे. जादू आणि सूड यांची गाठ घालून द्यायला इथे सिनेमावाल्यांची गरज नाही.

'मानापमाना'वर शाई खर्च करण्यासारखं फारसं नाही. महाल वाढले, गाणी वाढली, नाटक तेवढं लहान झालं. 'नटसम्राट'मध्ये नाना पाटेकर आहेत. अप्पासाहेब बेलवलकर शोधावे लागतात. 'कट्यार'ने खाँसाहेबांचा मत्सर गाण्यातच ठेवला, म्हणून तो सिनेमा उभा राहिला. 'घाशीराम'चा १९७६चा चित्रपट अभ्यासकांनी जरूर पाहावा; रंगमंचावर माणसांच्या रांगेचा जो पडदा व्हायचा, क्षणात भिंत आणि क्षणात वाडा, त्याच्या जवळपास कॅमेरा पोचलेला नाही. आणि जादू व सूड दोन्ही एकाच मराठी सिनेमात हवे असतील तर 'झपाटलेला' आहे. तात्या विंचूला मी नावं ठेवणार नाही. पाध्यांच्या बाहुल्याने जे केलं ते कॉम्प्युटरशिवाय केलं.

आता 'टेम्पेस्ट'. पहिल्या प्रवेशात वादळ होतं, जहाज बुडतं, माणसं ओरडतात. दुसऱ्याच प्रवेशात प्रॉस्पेरो, राज्य गमावून बेटावर आलेला जादूगार, मुलीला सांगतो, वादळ मीच उठवलं, कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही. लेखक आपली हातचलाखी आपणच उघडी करतो आणि मग नाटक सुरू होतं. आमच्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावात येतात तेव्हा हेच करतात. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवलेला असतो, वर पाणी शिंपडलं की भडका उडतो. बाया हात जोडतात, पोरं मागे सरकतात. मग तो कार्यकर्ता शेंडी पिंजून खडा कुठे होता ते दाखवतो. त्या दोन क्षणांच्या मधले चेहरे पाहण्यासारखे असतात, कारण खडा पाहिल्यावरही सगळ्यांचे हात सुटत नाहीत. 'टेम्पेस्ट' त्या मधल्या जागेत घडतं. नाटकात वादळ पत्र्यावर वाजतं, पत्रा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, आणि तरी तो घाबरतो. सिनेमावाला मात्र बजेटचा मोठा घास वादळावरच घालतो. ते इतकं खरं होऊन बसतं की पुढे प्रॉस्पेरोने 'ती युक्ती होती' म्हटलं तर तोच खोटारडा वाटतो.

ही अडचण ओळखणारे दिग्दर्शक मोजकेच. पीटर ग्रीनअवेने 'प्रॉस्पेरोज बुक्स'मध्ये (१९९१) खेळण्यातलं जहाज घेतलं आणि झोक्यावर बसलेल्या लहान एरिअलला, प्रॉस्पेरोच्या हुकमातल्या वायुरूप आत्म्याला, त्यावर लघवी करायला लावली, हेच वादळ. जॉन गिलगुडच्या तोंडी जवळजवळ सगळ्या पात्रांची वाक्यं दिली, म्हणजे बेट, माणसं, सूड, सगळं एका म्हाताऱ्याच्या डोक्यात चाललंय हे पक्कं. कल्पना थोर आहे. पुढे चोवीस पुस्तकं एकेक करून उघडू लागतात आणि मी घड्याळ पाहू लागतो. डेरेक जार्मनकडे (१९७९) पैसे नव्हते, त्यामुळे तो वाचला: निळी किनारपट्टी, मेणबत्त्यांनी उजळलेला पडका वाडा, आणि शेवटी खलाशांच्या घोळक्यात एलिझाबेथ वेल्चचं गाणं.

माझं मन खरं रमतं ते 'मॅकबेथ'च्या घराण्यात, आणि तिथेही एकाच माणसापाशी. कुरोसावाच्या १९५७च्या चित्रपटात तीन चेटकिणी नाहीत. धुक्याने भरलेल्या जंगलात दोन घोडेस्वार वाट चुकतात आणि बोरूच्या झोपडीत एक पांढरीफटक आकृती चरखा फिरवताना दिसते. ती मंत्र म्हणत नाही, बोट नाचवत नाही. सपाट आवाजात गाते आणि चाक फिरत राहतं. ते जवळ जातात तर ती नाही, थोड्या वेळाने झोपडीही नाही, आणि मागे चिलखतासकट पडलेले हाडांचे ढीग. हे कुणाचे, हे कुरोसावा सांगत नाही. या आधी असे किती जण इथे आले, काय ऐकून गेले आणि कुठे पोचले, याचा हिशेब तो हाडांवर सोडतो. ही जादू 'नो' नाटकातून आली आहे, मुखवट्यासारख्या गोठलेल्या चेहऱ्यासकट. इसुझु यामादाची असाजी, म्हणजे इथली मॅकबेथची बायको, अंधाऱ्या दारातून आत जाते, पडद्यावर काही क्षण नुसता काळोख, रेशमी वस्त्राची सळसळ तेवढी ऐकू येते, आणि ती गुंगीच्या दारूचा बुधला घेऊन परत येते. खून अजून व्हायचा आहे, पण तो झालेलाच आहे. नाटकाचा सिनेमा करताना आधी नाटक हाकलून द्यावं लागतं, असं आपल्याकडे ज्यांना वाटतं त्यांनी ही सळसळ ऐकावी.

विशाल भारद्वाजच्या 'मकबूल'मध्ये (२००३) चेटकिणींच्या जागी दोन पोलीस आले, कुंडली मांडणारे. भविष्य सांगणाऱ्याच्या अंगावर वर्दी असली की भविष्य खरं करून दाखवायची सोयही त्याच्याच हाती असते. हे त्या सिनेमाचं शहाणपण. 'हैदर'मध्ये भुताचा माणूस झाला, ठीक. जोएल कोएनचा 'मॅकबेथ' (२०२१) काचेच्या कपाटात ठेवण्याजोगा देखणा आहे. कपाटाबाहेर काढायची इच्छा होत नाही.

जुली टेमोरच्या 'टेम्पेस्ट'वर (२०१०) समीक्षकांनी तोंडसुख घेतलं. एरिअलची कॉम्प्युटरी उड्डाणं पाहता ते वावगं नव्हतं. पण त्या गदारोळात तिची खरी चाल कुणी नीट पाहिली नाही. तिने प्रॉस्पेरोची प्रॉस्पेरा केली, हेलन मिरेनला घेतलं, आणि मूळ नाटकात नसलेल्या काही ओळी घातल्या. नवरा गेल्यावर सत्ता प्रॉस्पेराकडे येते आणि भाऊ तिच्यावर चेटूक करत असल्याचा आळ घेतो. अशा आळावर बायका जाळल्या जात. राज्य भावाच्या खिशात, बाई आणि पोर समुद्रात. आमच्या पहाडावर हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. विधवा, तिच्या नावची जमीन, आणि एके दिवशी कुणाचं तरी जनावर मरतं. टेमोरला वर्मावर बोट ठेवता आलं होतं. दोन-तीन मिनिटांत ते उचलून ती बाई पुन्हा ठिणग्यांच्या मागे लागली. प्रॉस्पेरा स्वतः चेटकीण ठरवली गेलेली बाई. मग याच बेटावर तिच्याआधी चेटकीण ठरवून टाकून दिलेली दुसरी बाई होती, तिच्याविषयी ती इतक्या तिरस्काराने कशी बोलते? हा प्रश्न सिनेमात कुणीच विचारत नाही.

ती दुसरी बाई म्हणजे सिकोरॅक्स. अल्जिअर्सहून हद्दपार केलेली, गरोदर, बेटावर आणून सोडलेली. पुढे प्रॉस्पेरोचा गुलाम झालेल्या कॅलिबनची आई. प्रॉस्पेरो येण्याआधीच ती मेली. त्याने तिला कधी पाहिलेलंही नाही. तिच्या दुष्टपणाबद्दल तो जे सांगतो ते सगळं ऐकीव, मुख्यतः एरिअलकडून कळलेलं. तिने एरिअलला पाइनच्या झाडात बारा वर्षं चिणून ठेवलं म्हणून ती पापीण. तो स्वतः काय म्हणतो? पुन्हा कुरकुर केलीस तर ओकच्या झाडात बारा हिवाळे ठोकून ठेवीन. आणि शेवटी जादूचा त्याग करताना तो जे भव्य भाषण करतो ते ओव्हिडच्या मिडियाचं आहे, म्हणजे एका चेटकिणीचंच. वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे केव्हापासून माहीत आहे. सिनेमावाल्यांनी मात्र प्रॉस्पेरोची साक्ष पुराव्याशिवाय मान्य केली. जार्मनने सिकोरॅक्स पडद्यावर आणली खरी, पण कशी? अगडबंब, नागडी, प्रौढ कॅलिबनला अंगावर पाजणारी. फिर्यादीने केलेलं वर्णनच त्याने चित्रात उतरवलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला सात जणांना, त्यांत म्हातारे पुरुष आणि म्हाताऱ्या बायाही, भानामतीच्या संशयावरून भर चौकात बांधून मारलं. सगळे दलित होते. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षं होत आली होती. त्या दिवशी चौकात जादू कुणीच पाहिली नव्हती. लोकांनी ऐकली होती. करणी ज्याला करता येते त्याच्या अंगणात माणसं हात जोडून बसतात. मार खातो तो भलताच, ज्याला ती येत असल्याचं बाकीच्यांनी ठरवलेलं असतं तो. 'टेम्पेस्ट'चं याहून नेमकं भाष्य मी कुठे वाचलेलं नाही. प्रॉस्पेरोकडे पुस्तकं आहेत म्हणून तो ज्ञानी. सिकोरॅक्सकडे पुस्तकं नव्हती. आई चेटकीण ठरली की बेटावरचा मुलाचा हक्कही आपोआप निकालात निघतो. कॅलिबन तर स्पष्टच सांगतो, हे बेट मला आईकडून आलं. ज्याच्याकडे कागद त्याची जमीन, हे इथल्या कोलामाला नि गोंडाला शेक्सपिअरने शिकवायला नको.

म्हणून येऊ घातलेल्या मराठी 'टेम्पेस्ट'वाल्यांना मी आधीच अडवतो आहे. मोह कसले होतील तेही माहीत आहे. दिवाळीत इथे दंडारी निघते, गुसाडी मोरपिसांचा टोप घालून, अंगाला राख फासून नाचतो. तो टोप डोक्यावर असेपर्यंत तो माणूस राहत नाही, देवाचा होतो. दिवस संपले की पूजा करून टोप उतरवतात आणि तो परत शेतावर जातो. प्रॉस्पेरो झगा उतरवतो त्या क्षणाचं मर्म इथे दरवर्षी घडतं. ते समजून न घेता मोरपिसं दिसताच चार गुसाडी एरिअलच्या कामाला लावले जातील, मागे ढोल, वरून ड्रोन. कृपा करून असं करू नका. नट हवे असतील तर झाडीपट्टीत, वडशाच्या नाटक कंपन्यांकडे जा. रात्री दहाला पडदा वर गेला की उजाडेपर्यंत खड्ड्यात बसलेल्या माणसांना धरून ठेवणं ज्यांना जमतं, त्यांना वादळ करायला यंत्र लागत नाही. 'झॉलीवूड'ने २०२२ मध्ये झाडीपट्टीकडे कॅमेरा वळवला होता. पुढे फारसं कुणी आलं नाही.

यातून सिनेमा कसला, समाजकल्याण खात्याचा माहितीपट होईल, असं म्हणणारे निघतीलच. कुरोसावाची हाडं माहितीपट होती का? मी प्रबोधन मागत नाही. प्रॉस्पेरोची कैफियत कॅमेऱ्याने मुकाट्याने टिपून घेऊ नये, एवढंच मागतो. तो भूतकाळ सांगत असताना भूतकाळाची दृश्यं दाखवायची काहीच गरज नाही. ऐकणारे दाखवा. कोण मान हलवतंय, कोणाला ते सोयीचं आहे. पाडगावकरांचं मराठी 'वादळ' हाताशी आहे, त्यावर बसून हे काम करता येईल.

आणि ती प्रसिद्ध क्षमा. चार शतकं तिची आरती चालली आहे. प्रॉस्पेरो क्षमा कुणाला करतो? भावाला, राजाला, आपल्या बरोबरीच्यांना. कॅलिबनला मिळतो तो गुहा झाडून ठेवण्याचा हुकूम, क्षमा हवी असेल तर नीट झाड म्हणून. ज्याची जमीन गेली, ज्याची आई बदनाम झाली, त्याने झाडू मारायचा आणि वर उपकार मानायचे. शेवटी प्रॉस्पेरो प्रेक्षकांपुढे येऊन सुटका मागतो. टेमोरने ते भाषण पात्राच्या तोंडून काढलं आणि श्रेयनामावलीवर गाणं करून टाकलं, बुडणाऱ्या पुस्तकांसोबत. पडद्यासमोरचा प्रेक्षक उत्तर देऊ शकत नाही, हे कारण मला समजतं. मग ज्याला उत्तर देता येतं त्याच्याकडे वळा. त्या मागणीला समोर कॅलिबन उभा असू द्या, आणि त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. शेक्सपिअरने असं लिहिलेलं नाही, ही तक्रार ऐकून घ्यायला मी तयार नाही. प्रॉस्पेरोची बाई तरी त्याने कुठे लिहिली होती?