प्रशिक्षकाचे यश : महाविद्यालयीन आणि व्यावसायिक

१

महाविद्यालयीन संघाला विजयी करणारा प्रशिक्षक व्यावसायिक संघालाही तितकेच यश मिळवून देईल काय, हा प्रश्न क्रीडाविषयक लेखनात वारंवार उपस्थित केला जातो. त्याचे उत्तर बहुधा आकड्यांनी दिले जाते. एकाची विजेतीपदे मोजावयाची, दुसऱ्याची मोजावयाची आणि ज्याची अधिक तो श्रेष्ठ ठरवावयाचा, ही पद्धती सोपी आहे. परंतु यश कोणत्या साधनांनी मिळाले, प्रशिक्षकाचा खेळाडूंवर कोणता अधिकार होता आणि त्या यशाचा लाभ शेवटी कोणाच्या पदरात पडला, या तीन प्रश्नांना तिच्यात जागाच उरत नाही.

हा प्रश्न केवळ नामवंतांच्या तुलनेपुरता असता तर त्याची फारशी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु शाळा-महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकांचे मूल्यमापनही आज याच मापाने होते. माणगावसारख्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयातही वर्षाअखेरीस विचारले जाते ते ढाली किती आल्या हेच. म्हणून प्रथम अमेरिकेतील फुटबॉलचे, नंतर महाराष्ट्रातील क्रिकेटचे उदाहरण तपासून हे माप कितपत ग्राह्य आहे याचा विचार येथे केला आहे.

२

अमेरिकेत फुटबॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात महाविद्यालयीन आणि व्यावसायिक असे दोन स्वतंत्र प्रदेश आहेत आणि दोहोंनाही प्रचंड प्रेक्षकवर्ग आहे. या दोन प्रदेशांची तुलना करताना निक सेबन यांचे उदाहरण हटकून दिले जाते. सेबन यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाला २००३ च्या हंगामात आणि अलाबामा विद्यापीठाला २००९ ते २०२० या काळात सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. या दोहोंच्या मध्ये, २००५ आणि २००६ या दोन हंगामांत, ते मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. तेथे त्यांचे १५ विजय आणि १७ पराभव झाले. फ्लॉरिडा विद्यापीठाला १९९६ मध्ये विजेतेपद मिळवून देणाऱ्या स्टीव्ह स्परियर यांनाही वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघात २००२ व २००३ या दोन वर्षांत १२ विजय आणि २० पराभव पत्करावे लागले.

यावरून महाविद्यालयीन प्रशिक्षकाला व्यावसायिक खेळाची जाण नसते, असा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. तो टिकणारा नाही. सेबन यांनी त्यापूर्वी क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघात चार वर्षे बचावफळीची धुरा वाहिली होती. मायामीत खेळाडूंच्या निवडीचा अधिकारही त्यांच्याकडेच होता. अर्थात ज्ञान होते, अधिकारही होता. नव्हती ती निवडीची विपुलता. महाविद्यालयात यशस्वी प्रशिक्षकाकडे देशभरातील उत्तम तरुण आपण होऊन येतात. आणि यशाने आणखी यशाची सामग्री गोळा होते. व्यावसायिक संघांत याच्या नेमकी उलट योजना आहे. मागील हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याला नवोदितांच्या वार्षिक निवडीत पहिली पाळी मिळते आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा घातलेली आहे. पहिल्या प्रदेशात विजय साचत जातो, दुसऱ्यात तो वाटला जावा अशी नियमांचीच व्यवस्था आहे.

विपुलतेचा आणखी एक परिणाम असा की, तिच्यात चूक पचते. २००६ मध्ये मायामीने खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या ड्र्यू ब्रीज या खेळाडूऐवजी डाँटे कल्पेपर याला घेतले. ब्रीज न्यू ऑर्लीन्सकडे गेला आणि २००९ च्या हंगामात त्या संघाने सर्वोच्च विजेतेपद मिळविले. मायामीचा तो हंगाम मात्र ६ विजय आणि १० पराभवांवर संपला. महाविद्यालयात एका जागेची निवड चुकली तर तिच्यामागे दुसरा तरुण उभा असतो. व्यावसायिक संघात एका निवडीचा भार अनेक वर्षे वाहावा लागतो.

दोन्ही प्रदेशांत सर्वोच्च यश मिळविणाऱ्यांची नावे थोडी आहेत : जिमी जॉन्सन, बॅरी स्विट्झर आणि पीट कॅरल. यांच्याही यशाचे स्वरूप एकसारखे नाही. जॉन्सन यांचा डॅलस संघ १९८९ मध्ये सोळापैकी एकच सामना जिंकू शकला; परंतु त्याच वर्षी त्यांनी हर्शेल वॉकर या आपल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या बदल्यात भावी निवडीचे अनेक हक्क मिळविले आणि १९९२ व १९९३ च्या हंगामांत विजेतेपद पटकाविले. विपुलता नव्हती, ती त्यांनी निर्माण केली. स्विट्झर यांनी १९९५ च्या हंगामात जिंकले ते बहुतांशी जॉन्सन यांनी जमविलेल्या संघाच्या बळावर. कॅरल यांना दोन व्यावसायिक संघांनी दूर केल्यानंतर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात कीर्ती लाभली आणि मग सिअ‍ॅटलला २०१३ च्या हंगामात ते विजेतेपदापर्यंत घेऊन गेले. तथापि त्यांच्या विद्यापीठाचे २००४ चे विजेतेपद नियमभंगाच्या कारणावरून पुढे काढून घेण्यात आले. आकड्यांच्या कोष्टकात ही तीन नावे एकाच ओळीत बसतात. त्यांच्यामागील वस्तुस्थिती मात्र तीन प्रकारची आहे.

३

महाराष्ट्रात याला जवळचे उदाहरण चंद्रकांत पंडित यांचे आहे. भारताकडून ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळलेल्या पंडित यांनी प्रशिक्षक म्हणून सहा रणजी विजेतीपदे मिळविली. त्यांपैकी तीन मुंबईची (२००२-०३, २००३-०४ व २०१५-१६), दोन विदर्भाची (२०१७-१८ व २०१८-१९) आणि एक मध्य प्रदेशाचे (२०२१-२२). रणजी स्पर्धा महाविद्यालयीन नव्हे, हे उघडच आहे. तिच्या खेळाडूंना मानधन मिळते. परंतु प्रशिक्षक आणि खेळाडू यांचे जे नाते येथे तपासावयाचे आहे, त्या दृष्टीने ती महाविद्यालयाला जवळची आहे. खेळाडू बव्हंशी त्याच प्रदेशातील, पुष्कळसे तरुण, दीर्घ सराव शिबिरांतून घडणारे आणि संघातील स्थानासाठी प्रशिक्षकाच्या मतावर अवलंबून असलेले असे असतात.

मुंबईच्या तीन विजेतेपदांचे श्रेय मुंबईच्या क्रिकेटपरंपरेला देणे शक्य आहे; तेथे विपुलता होतीच. विदर्भाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. २०१७-१८ पूर्वी विदर्भाने रणजी स्पर्धेची अंतिम फेरीही गाठली नव्हती. त्या वर्षी फैज फजल याच्या नेतृत्वाखाली विदर्भाने इंदूर येथे दिल्लीला नऊ गडी राखून हरविले आणि पुढील वर्षी नागपूर येथे सौराष्ट्रावर ७८ धावांनी मात केली. वसीम जाफरसारखा अनुभवी खेळाडू बाहेरून आलेला होता हे खरे. तथापि संघाचा पाया स्थानिकच होता. मध्य प्रदेशाने तर जून २०२२ मध्ये बंगळूर येथे पंडित यांच्याच मूळच्या मुंबई संघाला हरवून आपले पहिले विजेतेपद मिळविले. तात्पर्य, विपुलतेवाचूनही यश मिळू शकते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी हाताशी असाव्या लागतात : पुरेसा काळ आणि निर्विवाद अधिकार. पंडित यांची कठोर शिस्त सर्वश्रुत आहे आणि विदर्भ व मध्य प्रदेश येथे ती फलदायी ठरली.

ऑगस्ट २०२२ मध्ये पंडित कोलकाता नाइट रायडर्स या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये तो संघ सातवा आला, २०२४ मध्ये विजेता ठरला आणि २०२५ मध्ये आठवा. जुलै २०२५ मध्ये उभयतांनी एकमेकांचा निरोप घेतला. येथे तीन गोष्टी लक्षात घेणे अवश्य आहे. पहिली, काळाची. स्पर्धा सुमारे दोन महिन्यांची असते आणि खेळाडू तिच्या तोंडावर निरनिराळ्या देशांतून गोळा होतात. दुसरी, अधिकाराची. संघातून खेळून गेलेल्या एका परदेशी खेळाडूने पंडित यांची लष्करी थाटाची शिस्त अनेकांना जाचत असे, असे २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले. रणजी संघातील तरुणाला जी शिस्त आपल्या भवितव्याची वाट वाटते, तीच जगभर खेळून कीर्ती मिळविलेल्या खेळाडूला अकारण बंधन वाटू शकते. त्याचे भवितव्य या प्रशिक्षकाच्या हाती नसते. तिसरी गोष्ट श्रेयाची. २०२४ च्या विजयाचे श्रेय मार्गदर्शक गौतम गंभीर, कर्णधार श्रेयस अय्यर आणि पंडित यांच्यात वाटले गेले आणि त्या वाटणीत मुख्य प्रशिक्षकाच्या वाट्याला फार मोठा भाग आला नाही. विदर्भाच्या विजयात असा वाद कोणी घातला नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेद्दा येथे मोठा लिलाव झाला. संघाने सहा खेळाडू राखले. विजेता कर्णधार अय्यर २६.७५ कोटी रुपयांना पंजाबकडे गेला आणि २०२५ मध्ये पंजाबचा संघ त्याच्या नेतृत्वाखाली अंतिम फेरीत पोहोचला. विजयी संघ विजयानंतर सहा महिन्यांच्या आत मोडला जातो, हे व्यावसायिक व्यवस्थेचे लक्षण आहे. याउलट विदर्भात पंडित गेल्यानंतरही विजयाची घडी मोडली नाही. २०२४-२५ मध्ये उस्मान घनी यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. या विजयात पंडित यांचा वाटा किती हे कोष्टकात मांडता येणार नाही. परंतु प्रशिक्षकाच्या पश्चात काय उरते, हा प्रश्न विदर्भाच्या बाबतीत विचारता येतो आणि कोलकात्याच्या बाबतीत त्याला फारसा अर्थ राहत नाही, एवढे निश्चित.

४

दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट पुढे येते. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना प्रशिक्षकाचे खेळाविषयीचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. त्याची सत्ता जात नाही. महाविद्यालयात खेळाडू प्रशिक्षकावर अवलंबून असतो. व्यावसायिक संघात अनेकदा प्रशिक्षकच खेळाडूवर अवलंबून असतो. अमेरिकेत आता महाविद्यालयीन खेळाडूही मोबदला घेऊ लागले आहेत आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना आपल्या उत्पन्नाचा वाटा देऊ शकतात. परिणामी तेथील महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या सत्तेलाही ओहोटी लागली आहे. परंतु भारतीय शाळा-महाविद्यालयांत ती सत्ता अद्याप अबाधित आहे.

जे यश अवलंबून असलेल्या मुलांवरील सत्तेतून निर्माण झाले, त्याचे मोजमाप करताना त्या मुलांचे काय झाले, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते. या दृष्टीने रमाकांत आचरेकर यांचे कार्य पाहण्यासारखे आहे. आचरेकर स्वतः एकच प्रथम श्रेणीचा सामना खेळले. त्यांचे सारे कार्य शिवाजी पार्कच्या मैदानावर आणि शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघात झाले. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभंग भागी ही त्यांच्या शालेय संघाचीच. परंतु आचरेकरांचे नाव कोणी शारदाश्रमाने जिंकलेल्या ढालींवरून घेत नाही. ते घेतले जाते शिष्यांवरून. आणि त्या शिष्यांतील चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, रमेश पोवार हे पुढे स्वतः प्रशिक्षक झाले.

तथापि या उदाहरणातही सावधगिरी हवी. आचरेकरांच्या सल्ल्यावरून तेंडुलकरांनी शाळा बदलली आणि ते शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहावयास गेले. अमेरिकेतील विद्यापीठे जी निवड करतात तिचेच हे घरगुती रूप होय. या एका शाळाबदलाचे सोने झाले. परंतु असाच निर्णय घेऊन पुढे नावारूपास न आलेल्या मुलांची गणना कोणी ठेवीत नाही. शिष्यांच्या यादीवरून गुरूची थोरवी सांगणे हेही अखेर विजेत्यांचीच मोजणी करणे आहे. महाविद्यालयीन प्रशिक्षकाची परीक्षा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या मुलापाशी होते.

५

रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरात हा प्रश्न क्रिकेटपेक्षा कबड्डीच्या मैदानावर अधिक जाणवतो. जिल्ह्यात कबड्डीची परंपरा खोल रुजलेली आहे. मुले गावच्या मंडळाकडून खेळत मोठी होतात आणि पुढे महाविद्यालयाच्या संघात येतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून त्यांच्यापुढे व्यावसायिक खेळाचे स्वप्नही उभे आहे. ते निराधार नाही. नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळविले, हे उदाहरण प्रत्येक खेळाडूच्या मुखी आहे. परंतु त्या संघाचे प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकाच्या कार्याला एकच माप लावणे अन्यायाचे होईल. पहिल्यापुढे निवडून घेतलेले खेळाडू असतात. दुसऱ्यापुढे प्रवेश घेऊन आलेले विद्यार्थी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी ठराविक स्पर्धांतील प्रावीण्य लागते. म्हणजे गरीब घरातील मुलाला पदक ही शोभेची वस्तू नसून उपजीविकेचे साधन आहे. मग पदकांसाठी झटणाऱ्या क्रीडाशिक्षकाला दोष कसा द्यावा? दोष देण्याचे कारण नाहीच. पदक मिळविणे हे त्याचे कर्तव्य आहे. परंतु सात जण मैदानात उतरतात तेव्हा पाच राखीव असतात आणि निवडीत वगळलेले त्याहून अधिक. पदकासाठी जखमी विद्यार्थ्याला मैदानात उतरविणे, त्याच्या परीक्षेकडे डोळेझाक करणे, किंवा ज्याची लीगमध्ये निवड होण्याचा संभव नाही त्याला तिच्या आशेवर वर्षानुवर्षे झुलवीत ठेवणे, या गोष्टी ढालींच्या मोजणीत दिसत नाहीत. उलट ढालींचे माप त्यांना प्रोत्साहनच देते.

माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अशा संस्थेतील विद्यार्थी चार वर्षांनी अभियंता होऊन बाहेर पडतो, खेळाडू म्हणून नव्हे. त्याच्या क्रीडाशिक्षकाचे यश ठरविताना किती सामने जिंकले यासोबत आणखी तीन गोष्टींची नोंद सहज ठेवता येईल : संघात आलेल्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती जण दुखापतीवाचून बाहेर पडले आणि शिक्षण संपल्यावरही किती जण खेळत राहिले. व्यावसायिक प्रशिक्षकाला हे प्रश्न लागू नाहीत. त्याला विचारावयाचे ते एवढेच की, इतरांइतकीच साधने असताना त्याने अधिक काय साधले.

सेबन, पंडित आणि आचरेकर यांच्यात श्रेष्ठ कोण, या वादाचा निकाल आकड्यांनी लागणार नाही. आणि तो लागला नाही म्हणून क्रीडाशास्त्राचे काही अडत नाही. परंतु महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकाला कोणत्या मापाने मोजावयाचे याचा निर्णय विद्यापीठांच्या हाती आहे, आणि त्या मापावर दरवर्षी मैदानात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे हित अवलंबून आहे.