ओवी, अभंग आणि त्रैक्य : ख्रिस्ती तत्त्वांचे मराठी रूप

१

फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ला मराठी वाङ्मयेतिहासात मानाचे स्थान मिळाले आहे, परंतु ते बहुतांशी एकाच कारणासाठी. मराठी भाषेचे गुणगान करणाऱ्या त्यातील मोजक्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून वारंवार उद्धृत होतात. अकरा हजारांच्या आसपास असलेल्या उरलेल्या ओव्यांची बोळवण मात्र ‘ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे प्रतिपादन’ या एका शेऱ्यावर केली जाते. या शेऱ्यामागे एक गृहीतक आहे: तत्त्वे परकी, भाषा आपली, आशय बाहेरून आलेला, अभिव्यक्ती इथली. समीक्षेने भाषा आपली म्हणून स्वीकारायची आणि आशय धर्मपंडितांच्या स्वाधीन करायचा, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी सोयीची आहे, पण ती टिकणारी नाही. तत्त्व हा कुपीत बंद केलेला द्रव नव्हे की जो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ओतला असता जसाच्या तसा राहील. ते ज्या वाङ्मयप्रकारातून बोलते, त्या प्रकाराचे संकेत त्याच्या अर्थात शिरतात. देवाचे देहधारण आणि त्रैक्य ही ख्रिस्ती श्रद्धेची दोन मध्यवर्ती तत्त्वे मराठीत पुराण, अभंग आणि बायबलचे गद्य भाषांतर अशा तीन प्रकारांतून आली. तिन्ही ठिकाणी तत्त्वाचे नाव एकच असले, तरी त्याची घडण एकच राहिलेली नाही.

२

मराठी रूपांकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. ज्याला ‘मूळ तत्त्व’ म्हटले जाते, तेही भाषांतराच्या पेचातूनच घडले आहे. इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेने पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ असल्याचे घोषित केले. त्या घोषणेसोबतच्या निषेधवचनात ‘ऊसिया’ आणि ‘हिपोस्टासिस’ हे दोन ग्रीक शब्द जवळजवळ पर्यायी म्हणून आले आहेत. पुढे त्याच शतकात कप्पदुकियाच्या आचार्यांनी त्यांची फारकत केली आणि ‘एक ऊसिया, तीन हिपोस्टासिस’ हे सूत्र रूढ झाले. परंतु ‘हिपोस्टासिस’चा शब्दशः लॅटिन प्रतिशब्द ‘सब्स्टान्शिया’ असा होतो, आणि लॅटिन परंपरेत हाच शब्द देवाच्या एकत्वासाठी योजलेला होता. ग्रीकांची तीन हिपोस्टासिस लॅटिन कानांना तीन वेगळी द्रव्ये, म्हणजे जवळजवळ तीन देव वाटावेत, हे स्वाभाविक होते. लॅटिनने तिघांसाठी ‘पेर्सोना’ हा शब्द पत्करला. नटाचा मुखवटा हाही त्याचा एक अर्थ. त्यामुळे ग्रीकांना तिथे एकाच देवाची तीन सोंगे दिसण्याचा धोका होता.

मराठीत याच जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला, आणि गंमत अशी की त्यात हे दोन्ही धोके एकत्र नांदतात. आजच्या व्यवहारात व्यक्ती म्हणजे स्वतंत्र माणूस. म्हणून ‘तीन व्यक्ती’ असे म्हणताच तीन देव उभे राहतात. व्युत्पत्तीकडे पाहावे तर व्यक्ती म्हणजे व्यक्त होणे, प्रकट होणे; म्हणजे एकच अव्यक्त तत्त्व तीन रूपांनी प्रकटते असा अर्थ निघतो. पहिला अर्थ एकत्व मोडतो, दुसरा त्रित्व पुसतो. देहधारणाच्या बाबतीत ‘अवतार’ हा शब्द असाच हाताशी असतो आणि असाच अडचणीचा ठरतो. अवतार युगायुगांतून पुन्हा पुन्हा होऊ शकतो. ख्रिस्ती तत्त्वाचा सारा भर मात्र ‘एकदाच’ या शब्दावर आहे. अवतारात उतरणे महत्त्वाचे, देहधारणात देह. भूक लागणारा, रक्त सांडणारा, मरणारा देह देवाने खऱ्या अर्थाने घेतला. ख्रिस्त पूर्णतः देव आणि पूर्णतः मानव आहे, असे ४५१ मधील खाल्केदोनच्या सभेने बजावले.

अशा स्थितीत निव्वळ प्रतिशब्दांची चर्चा फार दूर नेत नाही. शब्द अपुरा पडतो तिथे रचना काय करते, हा खरा प्रश्न आहे.

३

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला; यातील बराच काळ त्याने साष्टीत काढला. त्याच्या दोन कृती शेजारी ठेवून वाचाव्यात. ‘दौत्रीन क्रिस्तां’ ही १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, रायतूरला छापली गेलेली कोंकणी प्रश्नोत्तरी. मार्कुश जॉर्ज याच्या पोर्तुगीज पुस्तकावर ती आधारलेली आहे. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये त्याच रायतूरला छापले गेले. प्रश्नोत्तरीत तत्त्व सूत्ररूपाने येते: गुरू विचारतो, शिष्य पाठ केलेले उत्तर देतो. पुराणाच्या आरंभी मात्र एक निराळा प्रसंग योजला आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की दौत्रीन ठीक आहे, पण पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचण्या-ऐकण्यासारखे काही हवे. म्हणजे सूत्राने भागत नाही, कथा हवी, ही मागणी ग्रंथ स्वतःच्याच तोंडून वदवतो.

ही मागणी निरागस नव्हती. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. जुनी पुराणे जिथे निषिद्ध झाली, तिथे ही मागणी उठते. ‘ख्रिस्तपुराण’ ज्या पोकळीत उभे राहते ती पोकळी सत्तेने निर्माण केलेली आहे; त्याला समन्वयाचे गोड उदाहरण म्हणून गौरवणाऱ्यांनी हे विसरू नये. मात्र सत्तेचा हा संदर्भ सांगितला म्हणजे संहितेचे वाचन संपले, असेही नाही.

पुराणाची पाच लक्षणे परंपरेने सांगितली आहेत: सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित. या लक्षणांनी ‘ख्रिस्तपुराण’ तपासले तर एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. सर्ग आहे: जगाच्या उत्पत्तीपासून ग्रंथ सुरू होतो. वंश आहे, वंशानुचरितही आहे: ३६ अवस्वरूंच्या ‘पहिल्या पुराणा’त जुन्या कराराचा इतिहास येतो आणि ५९ अवस्वरूंच्या ‘दुसऱ्या पुराणा’त ख्रिस्तचरित्र. नाहीत ती प्रतिसर्ग आणि मन्वंतर ही दोन लक्षणे. महापूर येतो, पण तो प्रलय ठरत नाही. त्यानंतर सृष्टी नव्याने निर्माण होत नाही, वाचलेलीच पुढे चालते. मनू बदलत नाहीत, युगे फिरत नाहीत. पाच लक्षणांपैकी जी दोन चक्राकार काळाची आहेत, नेमकी तीच गळाली आहेत.

देहधारणाचे ‘एकदाच’ हे तत्त्व इथे शब्दांनी सिद्ध केलेले नाही. ते काळाच्या रचनेत आहे. पहिले पुराण ही प्रदीर्घ प्रतीक्षा आहे. श्रोता हजारो ओव्यांतून एका जन्माची वाट पाहतो. प्रतीक्षा एवढी लांबल्यावर येणारा तो जन्म अनेकांपैकी एक वाटूच शकत नाही. पुराणाची चौकट स्वीकारूनही तिचा काळ सरळ रेषेत ताणण्याचे हे काम ओवीच्या संथ, अखंड गतीने साधले आहे.

शब्दयोजनेचाही उलगडा याच अंगाने होतो. स्टीफन्स स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ वापरतो, बाप्तिस्म्यासाठी ‘ज्ञानस्नान’. पवित्र आत्मा मात्र ‘स्पिरितु सांतु’च राहतो. अर्थभ्रंशाच्या भीतीने परके शब्द राखण्याचे मिशनरी धोरण यामागे होतेच. पण ते धोरण ‘वैकुंठा’ला आड आले नाही. वैकुंठ हे स्थळ आहे. तिथे नवी पात्रे नांदवली, नव्या घटना घडवल्या की शब्दाचा जुना मालक हळूहळू मागे सरतो. कथा शब्दाला नव्याने भरू शकते. त्रैक्यातील तिसऱ्या व्यक्तीला मात्र चरित्र नाही. ती घटनांमागे आहे. पण ख्रिस्ताप्रमाणे तिचा जन्म, प्रवास, मृत्यू सांगता येत नाही. कथेचे बळ जिथे संपते, तिथे परका शब्द उघडा पडतो. सर्वच उसने शब्द या न्यायाने उलगडतील असे नाही, पण या एका शब्दाचे परकेपण ग्रंथाच्या मर्यादेची खूण आहे: पुराण देहधारण सांगू शकते, त्रैक्य केवळ घोषित करू शकते.

४

तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांपुढे हाच प्रश्न उलट्या दिशेने आला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक मराठीत येत नव्हते, मराठीतून जात होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे कथाकाव्य १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. त्यातील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रकाशित झाला. टिळकांचा खरा प्रकार अभंगच ठरला.

अभंगाला काळाची रेषा नसते. त्याला संबोधन असते. भक्त आणि देव यांच्यातील हाक हाच त्याचा आशय. वारकरी परंपरेत विठ्ठल ‘विठाई’ होतो, तसा टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आणि माउली होतो. मराठी ख्रिस्ती उपासनेला यातून मिळालेली ऊब नाकारता येणार नाही. परंतु तत्त्वाच्या अंगाने या संबोधनाची किंमत मोजावी लागते. निकियाच्या सूत्रात ‘पिता’ आणि ‘पुत्र’ ही माणसाने देवाला दिलेली लाडकी नावे नव्हेत. ते देवाच्या अंतर्यामीचे नाते आहे. पुत्रालाच आई म्हणून हाक मारली की ते नाते दिसेनासे होते आणि त्याच्या जागी भक्त-भगवंताचे नाते येते. त्रैक्य नाकारले जात नाही; त्याची गरज भासेनाशी होते. स्टीफन्सच्या ओवीत जे ‘एकदाच’ घडले, ते टिळकांच्या अभंगात ‘आता’ घडते. प्रत्येक हाकेत ख्रिस्त पुन्हा जवळ येतो, आणि तत्त्वाने जो अवतारापासून जपून वेगळा ठेवला होता, तो अनुभवाच्या पातळीवर त्याच्या शेजारी येऊन बसतो.

५

पंडिता रमाबाईंची वाट या दोन्हींहून वेगळी आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला; परंतु त्यानंतरच्या पत्रव्यवहारात सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी त्रैक्याच्या तत्त्वावर निकराचा वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरे असण्यालाही त्यांनी आक्षेप घेतला. ती संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. हे दोन वाद निराळे मानले जातात, पण त्यांचे मूळ एकच आहे. श्रद्धा स्वीकारली म्हणजे एका विशिष्ट चर्चची परिभाषा स्वीकारलीच पाहिजे काय, असे त्या विचारत होत्या. त्रैक्याला असलेला विरोध त्यांनी पुढे टिकवला नाही. परिभाषेविषयीचा प्रश्न मात्र सोडला नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य बाईला वाचता यावे असे हे गद्य आहे. इथे प्रकाराची निवड तत्त्वदृष्ट्या अर्थपूर्ण ठरते, कारण ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात कोठेही नाही. ते उत्तरकालीन आचार्यांचे सूत्र आहे. भाषांतरकाराला ते मान्य असो वा नसो, संहितेत त्याला जागा नाही. वाचकाला पिता, पुत्र आणि आत्मा वेगवेगळ्या प्रसंगी भेटतात आणि त्यांची मोट बांधण्याचे काम वाचकावरच पडते. प्रश्नोत्तरीतील पाठ उत्तराच्या नेमक्या विरुद्ध टोकाला हे गद्य उभे आहे.

६

एका तत्त्वाचे एकच मराठी रूप शोधणे, हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. पुराणाने देहधारण काळात बसवले, पण त्रैक्यापाशी त्याची वाणी अडली. अभंगाने ख्रिस्त जवळ आणला, पण देवाच्या अंतर्यामीचे नाते धूसर केले. गद्याने दोन्ही तत्त्वे संहितेच्या हवाली केली आणि निर्णय वाचकावर सोपवला. प्रत्येक लाभामागे एक तोटा आहे, आणि तो लेखकाच्या श्रद्धेच्या उणिवेतून आलेला नसून प्रकाराच्या स्वभावातून आलेला आहे.

‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ असा स्वतंत्र कप्पा करून मराठी समीक्षेने या कृतींचा सत्कार केला आणि त्याच वेळी त्यांना वाचण्याची जबाबदारी टाळली. ज्ञानेश्वरी वाचताना अद्वैत बाजूला ठेवता येत नाही, हे कोणीही मान्य करील. तोच न्याय ‘ख्रिस्तपुराणा’ला लावायचा, तर त्यातील भाषागौरवाच्या ओव्यांनी सुखावून थांबणे पुरेसे नाही. पुराणाची दोन लक्षणे गळाल्यावरही ते पुराण राहते का, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्राइतकाच मराठीच्या वाङ्मयप्रकारविचाराचाही आहे. तो अजून नीट विचारला गेलेला नाही.