संरक्षक साधनांची निर्यात आणि ठेकेदार : नियमांच्या भाषेची चिकित्सा

विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ नुसार माल जमीन, समुद्र वा हवाईमार्गे भारताबाहेर नेणे म्हणजे 'निर्यात' होय. ह्या व्याख्येत विक्रीचा उल्लेख नाही, मोबदल्याचा नाही आणि वस्तू परत आणण्याच्या हेतूचाही नाही. नौपाड्यात कार्यालय असलेला एखादा ठेकेदार अशांत प्रदेशातील बांधकामावर कामगार पाठवितो व त्यांच्यासाठी बुलेटप्रूफ जॅकेटे रवाना करतो, तेव्हा तो काहीही विकत नसतो. तरी कायद्याच्या दृष्टीने तो निर्यातदार ठरतो.

नेहमीच्या साधनांपुरता हा प्रश्न किरकोळ आहे. बांधकामावरील पिवळे हेल्मेट वा सेफ्टी बेल्ट 'स्कोमेट' ह्या नियंत्रित वस्तूंच्या यादीत येत नाहीत. मात्र ह्या यादीतील पूर्वी राखीव असलेला सहावा विभाग एप्रिल २०१७ च्या अधिसूचनेने लष्करी सामग्रीसाठी भरण्यात आला आणि लष्करी मानकांची अंगत्राणे व शिरस्त्राणे त्यात आली. त्यांच्या परवानगीसाठी संरक्षण उत्पादन विभागाकडे जावे लागते. गॅस मास्कची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यात वापरला जाणारा, केवळ नागरी उद्योगातील धोक्यांसाठी घडविलेला मास्क मोकळा. युद्धातील विषारी वायूंसाठी घडविलेला नियंत्रित. येथे निकष रचनेचा आहे, आणि रचनेची माहिती उत्पादकापाशी असते, ठेकेदारापाशी क्वचितच.

भारत डिसेंबर २०१७ मध्ये ज्या वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला, तिच्या लष्करी सामग्रीच्या यादीत एक सवलत आहे : वापरणाऱ्याच्या सोबत, त्याच्या स्वतःच्या रक्षणासाठी जाणारे हेल्मेट वा अंगत्राण नियंत्रणाबाहेर राहते. अमेरिकी नियमावलीही व्यक्तीला अंगत्राणाचा एक संच तात्पुरता नेऊ देते. तो जाहीर करावा लागतो आणि परत आणण्याचा हेतू असावा लागतो. दोन्हीकडे गृहीत धरलेला माणूस एकटा प्रवासी आहे. दहा कामगारांची दहा जॅकेटे एका पेटीत आधी पाठविणारा मालक ह्या भाषेत कोठेच बसत नाही, आणि साधने पुरविण्याची जबाबदारी तर त्याचीच असते. परवान्याला विलंब होणार असे दिसले की 'तिकडे गेल्यावर मिळेल' असे सांगून माणसे रिकाम्या हातांनी पाठविण्याचा मोह होतो. त्याची किंमत कामगार मोजतो.

शासनाची शंका निराधार नाही. पन्नास जॅकेटांची पेटी वाटेत सशस्त्र टोळीच्या हाती जाऊ शकते, म्हणून सरसकट मोकळीक घातक ठरेल. परंतु कामगारांची नावनिशीवार यादी, ठरावीक मुदत व परतीचा पुरावा ह्यांवर आधारलेली स्वतंत्र तात्पुरती परवानगी कल्पिणे अवघड नाही. विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी प्रवाशाला मौल्यवान वस्तूंसाठी निर्यात प्रमाणपत्र देतात, त्यामागची कल्पना याहून फार वेगळी नाही. मात्र ते प्रमाणपत्र परतताना शुल्क वाचविण्यापुरतेच उपयोगी पडते. जाताना परवाना लागतो की नाही, ह्याचे उत्तर त्यात नसते.