तक्त्यातील एकटा तारा

इयत्ता आठवीच्या २०१८ सालच्या ‘सामान्य विज्ञान’ पुस्तकात ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा पाठ आला, ही चांगली गोष्ट झाली. ताऱ्याची अखेर त्याच्या सुरुवातीच्या वस्तुमानावर ठरते. सूर्याच्या आठपटींहून कमी वस्तुमानाचा तारा आधी तांबडा राक्षसी तारा आणि शेवटी श्वेत बटू होतो, हे सूत्र मुलांना त्यातून कळते. आक्षेप या सूत्राला नाही, ते सरसकट लावण्याला आहे. वर्गातील तक्त्यावर बाण श्वेत बटूपाशी थांबतो आणि गोष्ट संपली असे मुले समजतात. एकट्या ताऱ्यापुरते ते खरे आहे. परंतु असंख्य तारे जोडीने राहतात.

भुजंगधारी तारकासमूहातील ‘आरएस ऑफियुची’ ही जोडी पाहा. मे अखेरीस मध्यरात्री म्हसावदहून दक्षिणेकडे तोंड केले, तर ज्येष्ठेच्या वर डावीकडे हा समूह असतो. या जोडीतील म्हातारा राक्षसी तारा आणि श्वेत बटू सुमारे ४५४ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन श्वेत बटूवर साचत जातो. थर दाबला जातो, तापतो आणि त्यात अणुसंमीलन भडकते. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ साली असे स्फोट नोंदले गेले. एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारी ही जोडी तेव्हा काही दिवस अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात येते. मग ‘विझलेला’ श्वेत बटू म्हणायचे कोणाला?

फेब्रुवारी २००६ च्या स्फोटात उडालेले द्रव्य राक्षसी ताऱ्याभोवतीच्या वायूवर आदळले. त्यातून निघालेल्या रेडिओलहरी नारायणगावजवळच्या खोडद येथील ‘जीएमआरटी’ दुर्बिणीने टिपल्या. या जोडीकडून १.४ गिगाहर्ट्‌झपेक्षा कमी वारंवारितेच्या लहरी मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. महाराष्ट्रातील शिक्षकांना इतके जवळचे उदाहरण शोधून सापडणार नाही.

प्रश्न केवळ एका अपवादाचा नाही. श्वेत बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे टिकत नाही. ही चंद्रशेखर मर्यादा. जोडीदाराकडून द्रव्य घेत कार्बन-ऑक्सिजनचा श्वेत बटू तिच्याजवळ पोचला, तर त्याचा संपूर्ण स्फोट होऊ शकतो. विश्वातील लोखंडाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या अशा स्फोटांतून आला आहे. मुलांच्या रक्तातील लोहाचा उगम सांगायचा, तर जोडतारे टाळून चालणार नाही.

शिक्षकांना एक सूचना. फळ्यावर एकाऐवजी दोन तारे शेजारी काढावेत, एक जड आणि एक हलका. आधी म्हातारा कोण होईल, असे मुलांना विचारावे. जड तारा इंधन लवकर संपवतो, म्हणून तोच आधी श्वेत बटू होतो. पुढे हलका तारा फुगला, की दोघांमध्ये एक आडवा बाण काढावा. त्यानंतर काय होईल, हे मुलांनाच सांगू द्यावे.